जुन्या तबकडीचे ऋण

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची किंमत तो घराबाहेर गेल्यावर कळते, असे आपण पुष्कळदा ऐकतो आणि ऐकून मान डोलावतो. मला हा धडा एका यंत्राने शिकविला. वाचकहो, हकीकत सामान्य आहे आणि तीत चूक सर्वस्वी माझी आहे. तथापि ती सांगितल्याने आपल्यापैकी एखाद्याच्या घरातील ठेवा वाचेल, या आशेने सांगतो.

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत २०१२ साली घेतलेला एक संगणक आहे. खानापूर तालुक्यातील पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना येथील ओलाव्याचे वर्णन करावयास नको. चार महिने भिंती पाझरतात, कागदाला बुरशी येते आणि वाळवी लाकडी कपाटाच्या पाठीमागून निमूटपणे आपले काम करीत असते. असल्या हवेत या यंत्राने तेरा वर्षे चाकरी केली, हीच नवलाची गोष्ट. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले आमचे एक गुरुजी रोज संध्याकाळी दिवेलागणीस कचेरीत येत आणि स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या जुन्या वह्या समोर ठेवून, दोन बोटांनी एकेक अक्षर शोधीत त्या नोंदी संगणकात उतरवून ठेवीत. हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. २०२३ साली ते गेले. त्यांची खुर्ची अजून तेथेच आहे.

अलीकडे मात्र हा संगणक फारच थकला होता. कळ दाबल्यापासून पहिले अक्षर टंकित करता येईपर्यंत सात-आठ मिनिटे सहज जात. एके दिवशी वाडीवरची एक आजी नातवासाठी दाखला न्यावयास आली. पडद्यावर ते लहानसे वर्तुळ फिरत राहिले. आजी थोडा वेळ त्याच्याकडे, थोडा वेळ माझ्याकडे पाहत बसली आणि अखेर म्हणाली, "राहू दे की फादर, बस चुकंल माझी. उद्या येतो." दोन मैल चालत आलेल्या म्हातारीला रिकाम्या हाताने परत जाताना पाहून मला शरम वाटली. यंत्राचे दुखणे आता काढावयास हवे, असे मी त्या दिवशी ठरविले.

त्यातच दुसरे एक निमित्त आले. आमच्या संगणकावर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. पुढच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्याच नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात यांपैकी काहीच नव्हते. चालते यंत्र भंगारात टाकणे मनाला पटेना. आमच्याच गावचा एक तरुण पुण्यास नोकरीला आहे. त्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "फादर, यंत्र टाकू नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घाला आणि तिच्यावर डेबियन बसवा. पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रालाही ते मानवते."

येथे थोडे स्पष्टीकरण दिले पाहिजे. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणते काम कोणी, केव्हा व कोठून करावे हे तो ठरवितो. हा कारभारी ज्या कोठारात राहतो ते कोठार मंद असेल, तर तो कितीही कर्तबगार असला तरी त्याचा हात चालत नाही. हार्ड डिस्क हे असेच एक कोठार. तीत चुंबकीय थर दिलेली तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी पुढेमागे सरकत मजकूर वाचते. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली अशी पहिली यंत्रणा जगापुढे आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एक टनाहून अधिक होते आणि मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. आमच्या संगणकातील तबकडी तळहातावर मावणारी असून ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हा वेग आपल्याला अफाट वाटेल. परंतु हवे ते अक्षर दांडीखाली येईपर्यंत सेकंदाचा शंभरावा हिस्सा तरी जातोच. विखुरलेल्या हजारो फायली एकामागून एक वाचावयाच्या झाल्या, की या शंभराव्या हिश्शांची बेरीज होत होत आजीची बस चुकते.

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. जपानमधील तोशिबा कंपनीतील शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्लॅश स्मृतीची कल्पना सिद्ध केली, तिचाच हा पुढचा अवतार. मजकूर विद्युतभाराच्या रूपाने सूक्ष्म कप्प्यांत साठविला जातो आणि कोणताही कप्पा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात हाती येतो. त्यातही एनव्हीएमई नावाचा प्रकार सर्वांत वेगवान. त्याचे नियम २०११ साली प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीत संगणक आणि डिस्क यांच्यामध्ये एकच खिडकी असे आणि तिच्यापुढे एका वेळी ३२ हुकुमांची रांग लागू शके. नव्या पद्धतीत सुमारे ६५ हजार रांगांची मुभा आहे आणि प्रत्येक रांगेत तितकेच हुकूम उभे राहू शकतात. यात्रेच्या दिवशी एस.टी. स्थानकावर एकाच खिडकीपुढे ताटकळलेल्या मनुष्यास याचा अर्थ अधिक सांगावा लागणार नाही.

ही माहिती ऐकून मी हुरळून गेलो. साधी एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलला जोडता येते, सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट मजकूर देते आणि आमच्या कामास ती पुरून उरली असती. त्या तरुणाने तीच सुचविली होती. पण बाजारात चौकशी केली तेव्हा ३,५०० मेगाबाइटची एनव्हीएमई थोड्याच अधिक पैशांत मिळत होती. मग कमी का घ्या? सात पट वेगाच्या मोहाने मी ती घेतली आणि मदरबोर्डच्या मोकळ्या खाचेत बसविण्यासाठी लागणारे एक जोडकार्डही घेतले. ती पट्टी हाती आली तेव्हा हसू आले. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, म्हणजे जेमतेम बोटभर! १९५६ सालच्या त्या टनभर यंत्रणेच्या कितीतरी हजारपट मजकूर तीत मावत होता.

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एका रात्री जेवण उरकून मी कामास लागलो. गुरुजींनी 'नोंदी' या नावाने ठेवलेले दप्तर डी या विभागात होते, ते पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. तरुणाच्या सल्ल्याप्रमाणे जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली, म्हणजे चुकून तिला धक्का लागू नये. दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून डेबियनची स्थापना सुरू केली. संगणकाने नवी पट्टी तत्काळ ओळखली. भाषा विचारली, कळफलक विचारला, परवलीचा शब्द विचारला आणि थोड्याच वेळात सर्व काही ठीक बसल्याची ग्वाही दिली. पेन ड्राइव्ह काढून मी यंत्र पुन्हा सुरू केले. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली. तिचा मथितार्थ असा, की जेथून आरंभ करावा असे कोणतेही साधन सापडत नाही.

तीन वेळा प्रयत्न केला. तीन वेळा तेच उत्तर. अखेर रात्री अकराच्या सुमारास पुण्यास दूरध्वनी केला. तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य. "फादर, तुमचा मदरबोर्ड २०१२ सालचा. संगणक सुरू होताना प्रथम जागा होतो तो बायोस. त्याला एनव्हीएमई ही भाषाच येत नाही. कार्यप्रणालीला ती येते, पण कार्यप्रणाली जागी व्हायची तर बायोसनेच तिला हाक मारली पाहिजे. ज्याला घरच ठाऊक नाही, तो हाक कोठे मारणार?"

"मग पट्टी परत करावी काय?"

"नको. जुनी हार्ड डिस्क पुन्हा जोडा. तिच्यावर एक लहानसा विभाग करा आणि बूट म्हणून तेवढाच तेथे ठेवा. बाकी सर्व नव्या पट्टीवर. बायोस जुन्या डिस्कला ओळखतो. तो तिला उठवील आणि ती नव्या पट्टीला उठवील. पण फादर, जुन्या डिस्कवरचे हवे ते सर्व काढून घेतले आहे ना?"

"घेतले आहे," मी म्हणालो. या दोन शब्दांपूर्वी मी क्षणभरही विचार केला नाही.

जुनी डिस्क जोडली. स्थापनेच्या पडद्यावर दोन्ही कोठारे दिसू लागली. जुन्या डिस्कवरील सी, डी आणि ई हे विभाग एकामागून एक पुसून टाकले आणि आरंभी एक गिगाबाइटचा विभाग बूटसाठी राखला. उरलेली जागा मोकळी सोडली. या वेळी यंत्र सुरू झाले. जुन्या तबकडीची ओळखीची घरघर ऐकू आली, ती काही सेकंदांत थांबली आणि पाहता पाहता पडदा उजळला. कळ दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात मी लिहू शकत होतो. आमच्या मदरबोर्डची खाच जुन्या पिढीची असल्याने ३,५०० चा वेग काही मिळाला नाही, सुमारे १,५०० वर समाधान मानावे लागले. परंतु समाधान खरोखरच होते. दुसऱ्या दिवशी आजी आली, आणि तिच्यापुढे ठेवलेला चहा निवण्याआधी दाखला छापून तिच्या हाती पडला.

पंधरा दिवस मी या वेगाच्या आनंदात होतो. नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. दूर गेलेली माणसे या महिन्यात आपापल्या गावी येतात आणि दफनभूमीत दिवे लावतात. महिन्याच्या अखेरीस हैदराबादेहून एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांचे आजोबा येथे पुरले होते. साल १९४१ किंवा ४२. कबरीवर नाव नव्हते. जागा कळली तर एक दगड बसवावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आमच्या दफनाच्या वहीची त्या काळातील पाने वाळवीने खाल्ली आहेत. १९३८ ते १९४६ या वर्षांच्या जागी कागदाची जाळी तेवढी उरली आहे. गुरुजींना हे शल्य होते. हयात असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या आठवणी ताडून पाहून, दगडांवरची पुसट अक्षरे खडूने उजळून, त्यांनी त्या वर्षांतील दोनशेहून अधिक नावांची यादी केली होती. कोण कोणाचा, कोणत्या वाड्यातील, कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूस पुरला, असे सर्व तीत होते. मी त्या गृहस्थांना मोठ्या आत्मविश्वासाने बसावयास सांगितले, अर्ध्या मिनिटात संगणक सुरू केला आणि 'नोंदी' उघडली. यादी तीत नव्हती.

तेव्हा मला आठवले. ती यादी गुरुजी रोज वाढवीत असत, म्हणून हाताशी असावी या हेतूने त्यांनी ती दप्तरात न ठेवता पडद्याच्या दर्शनी भागावर, उजव्या कोपऱ्यात ठेविली होती. तो कोपरा डी विभागात नव्हे, सी विभागात मोडतो. ती फाईल मी इतकी वर्षे रोज पाहत होतो, की ती मला दिसेनाशी झाली होती. ज्या रात्री मी सी पुसला, त्या रात्री ती गेली. गुरुजी गेले होते. ज्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी ती केली, त्या म्हाताऱ्यांपैकीही आता एकजण हयात नव्हता. पाहुण्यांना मी काहीतरी सांगितले, त्यांचा दूरध्वनी क्रमांक घेतला आणि वेशीपर्यंत पोचवून आलो. त्या रात्री जेवण गेले नाही.

पुण्यास दूरध्वनी केला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "जुन्या डिस्कच्या मोकळ्या जागेत काही ठेवले आहे काय?"

"नाही."

"मग आताच्या आता यंत्र बंद करा आणि मी येईपर्यंत सुरू करू नका. त्या डिस्कवर एक अक्षरही नव्याने लिहिले जाता कामा नये. नाताळला येतो."

अशा रीतीने आमच्या धर्मग्रामातील सर्वांत वेगवान संगणक तीन आठवडे फडके झाकून बसला आणि मी दाखले पुन्हा शाईने लिहू लागलो.

तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी आला. प्रथम पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून त्याने संपूर्ण जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत बाहेरच्या एका डिस्कवर घेतली. त्यास दोन तास लागले. मग त्या प्रतीवर टेस्टडिस्क नावाचा एक मोफत प्रोग्राम चालविला. पुसलेल्या विभागांच्या खुणा तो शोधून काढतो. मी शेजारी गुरुजींच्या खुर्चीत बसलो होतो. हळूहळू पडद्यावर ओळी उमटू लागल्या. एक विभाग सापडला, मग दुसरा, मग तिसरा. त्याने सी उघडला, दर्शनी कोपऱ्याच्या फायलींची यादी काढली, आणि तीत गुरुजींची फाईल होती. एक अक्षरही गहाळ झाले नव्हते.

मी त्याला विचारले, "मी तर पुसले होते. मग हे उरले कसे?"

त्याने जे सांगितले ते मी नीट ध्यानात ठेवले आहे. हार्ड डिस्कवरील विभाग आपण पुसतो, तेव्हा केवळ अनुक्रमणिकेचे पान फाडले जाते. आतला मजकूर तबकडीवर तसाच पडून राहतो, त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. मी फक्त आरंभीचा एक गिगाबाइट वापरला होता. विंडोज ज्या तक्त्यात फायलींची नोंद ठेवते तो तक्ता बहुधा विभागाच्या आरंभापासून सुमारे तीन गिगाबाइट आत असतो, म्हणून तोही वाचला.

"आणि ही यादी नव्या पट्टीवर असती तर?"

"तर बहुधा काहीच उरले नसते, फादर. एसएसडीतील कप्प्यावर नवे लिहिण्यापूर्वी जुने खोडावे लागते, आणि त्यास वेळ लागतो. म्हणून जागा मोकळी झाली की कार्यप्रणाली तिला तसे कळविते आणि ती सवडीने आधीच खोडून ठेवते. डेबियन बसविताना नवा विभाग तयार झाला, की त्या सगळ्या जागेविषयी असा निरोप क्षणात जातो. तिचा वेग टिकतो तो यामुळेच."

यावर मी पुष्कळ विचार केला. नव्या साधनाची निंदा करावी, असे मला मुळीच वाटत नाही. आजीची बस आता चुकत नाही, हा लाभ लहान नव्हे. परंतु चटकन देणे आणि जपून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाच साधनाकडून दोहोंची अपेक्षा करण्यात माझी चूक झाली. वीज न देता फार काळ ठेवलेल्या एसएसडीतील भारही हळूहळू विरतो. लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपलेल्या, घरगुती वापराच्या एसएसडीने ३० अंश सेल्सियस उष्णतेत विजेवाचून एक वर्ष मजकूर टिकवावा, इतकीच अपेक्षा या व्यवसायाच्या मानकात धरलेली आहे. ठेवा म्हणून कपाटात घालून विसरावी, अशी ती वस्तू नव्हे.

आपल्यापैकी कोणी असे काम हाती घेणार असेल, तर माझ्या अनुभवातील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पट्टी विकत घेण्यापूर्वी आपला मदरबोर्ड तिच्यावरून सुरू होऊ शकतो की नाही, हे त्याच्या माहितीपुस्तकात पाहावे. नसल्यास साधी, केबलने जोडावयाची एसएसडी घ्यावी आणि माझ्यासारखा सात पट वेगाचा मोह धरू नये. जपावयाचा मजकूर दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवावा, आणि तो उतरविताना दप्तरांबरोबर पडद्याचा दर्शनी कोपराही पाहावा. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. आणि जुनी डिस्क निदान सहा महिने कोरी करू नये. तरीही चूक झालीच, तर त्या डिस्कवर काही न लिहिता यंत्र तत्काळ बंद करावे.

आमचा संगणक पुन्हा सुरू झाला आहे. जुनी तबकडी त्यात अजून आहे. रोज सकाळी कळ दाबली, की प्रथम तिचीच घरघर ऐकू येते. तेरा वर्षांची ही तबकडी आता केव्हाही थांबेल, हे मी जाणतो. म्हणून बूटचा तो लहानसा विभाग एका पेन ड्राइव्हवरही करून ठेवला आहे.

गुरुजींची यादी आम्ही जाड कागदावर छापली, तिच्या दोन प्रती बांधून घेतल्या आणि एक लोखंडी पेटीत ठेवली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी हैदराबादला दूरध्वनी केला. पूर्वेकडील कुंपणालगत, आंब्याच्या झाडापासून तिसरी कबर. पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग त्या गृहस्थांनी मला आजोबांचे नाव यादीत कसे लिहिले आहे ते विचारले, आणि मी ते गुरुजींनी लिहिले होते तसे, अक्षर अक्षर वाचून दाखविले.